मासे मारणं वेगळं, मासे कमी होणं वेगळं

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगररांगांत लिटल मूस नावाचं एक सरोवर आहे. बाहेरून आलेल्या स्मॉलमाउथ बास या माशाने तिथे बस्तान बसवलं होतं आणि स्थानिक मासे मागे हटत चालले होते. २००० साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हा मासा काढून टाकायला सुरुवात केली. पाण्यात विजेचा प्रवाह सोडून मासे गुंगवायचे, जाळ्याने उचलायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचं, असा क्रम ठरला. सात वर्षांत ४७ हजारांहून अधिक बास बाहेर निघाले. मोठे मासे खरोखरच कमी झाले आणि काठालगतच्या काही स्थानिक माशांना मोकळीकही मिळाली. पण बासची मोजणी झाली तेव्हा एकूण संख्या आधीपेक्षा वाढलेली निघाली. सरोवर पिल्लांनी भरून गेलं होतं.

आक्रमक माशांवरच्या संशोधनाबद्दल काहीही वाचण्याआधी हा प्रयोग नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. कारण ‘परका मासा आहे ना, मग पकडा आणि मारा’ हा सल्ला सगळ्यांनाच सुचतो. तो का फसतो, हे लिटल मूसमध्ये स्पष्ट दिसलं.

माशाची मादी एका हंगामात हजारो अंडी घालते. मोठी कार्प तर दहा लाखांच्याही वर. एरवी त्यातली जवळपास सगळी पिल्लं मरतात. कुणी उपाशी मरतं, कुणाला दुसरे मासे खातात, आणि बऱ्याचदा खाणारे त्याच जातीचे मोठे मासे असतात. म्हणजे मोठे मासे हेच पिल्लांच्या संख्येवरचा लगाम असतात. आपण मोठे मासे काढतो तेव्हा तो लगामही काढतो. अन्न उरतं, भक्षक घटतात, जास्त पिल्लं जगतात आणि लवकर वयात येतात. २०२४ साली याच सरोवरातल्या दोन दशकांच्या कामावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. सततच्या पकडीमुळे त्या बासमध्ये आनुवंशिक बदल झाले होते. झपाट्याने वाढणारे आणि लहान वयात वीण करणारे मासे मागे उरले होते. आपण त्यांना मारत होतो आणि त्याच वेळी नकळत निवडतही होतो.

म्हणून संशोधकांचा प्रश्न ‘मारायचं कसं’ एवढाच नसतो. या माशाच्या आयुष्यात असा कोणता टप्पा आहे, जिथे घाव घातला तर भरपाई होऊ शकत नाही? आणि त्या टप्प्यावर तो शेजारच्या स्थानिक माशापेक्षा कुठे वेगळा पडतो? सगळं संशोधन या दोन प्रश्नांभोवती फिरतं.

बाहेरून आलेला प्रत्येक मासा आक्रमक नसतो, हे इथेच सांगायला हवं. बहुतेक पाहुणे तग धरत नाहीत किंवा निमूट राहतात. जो पसरतो आणि मूळच्या जीवसृष्टीचं नुकसान करतो, त्यालाच आक्रमक म्हणतात. गोड्या पाण्यात हे नुकसान जास्त खोल जातं. जगातल्या माशांच्या जवळपास निम्म्या प्रजाती गोड्या पाण्यात राहतात, आणि त्यातल्या कितीतरी एखाद्याच नदीत किंवा तळ्यात. पळून जायला त्यांना दुसरी जागाच नसते. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाइल पर्च सोडला गेला. १९८०च्या दशकात त्याची संख्या भडकली आणि तिथल्या छोट्या सिक्लिड माशांच्या सुमारे २०० प्रजाती नाहीशा झाल्या असं मानलं जातं. दरम्यान नाइल पर्चच्या निर्यातीवर मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यामुळे आज तो मासा सरोवरातून जावा, असं म्हणणारं तिथे फारसं कुणी नाही.

लॅम्प्री: सगळ्यात जास्त अभ्यासलेला शत्रू

यशाचं उदाहरण म्हणून उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांमधली सागरी लॅम्प्री सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. हा जबडा नसलेला, वामसारखा लांबट मासा. तोंडाच्या जागी दातांची गोल चकती. तिने तो मोठ्या माशाच्या अंगाला चिकटतो, खरखरीत जिभेने कातडी खरवडतो आणि रक्त पितो. त्याचं मूळ घर अटलांटिक महासागर. नायगाराच्या धबधब्यामुळे वरच्या सरोवरांत जाणं त्याला शक्य नव्हतं. जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालणारा वेलँड कालवा सुधारला गेला आणि ती वाट मोकळी झाली. १९२१ मध्ये लॅम्प्री ईरी सरोवरात दिसली आणि १९३८ पर्यंत थेट सुपीरियर सरोवरात पोचली. एक लॅम्प्री तिच्या परजीवी काळात १८ किलोपर्यंत मासे मारू शकते. वरच्या सरोवरांतून आधी दर वर्षी सुमारे ६८ लाख किलो लेक ट्राउट पकडला जायचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रमाण दीड लाख किलोच्याही खाली गेलं.

एवढ्या मोठ्या सरोवरांत हा मासा शोधून पकडणं अशक्यच होतं. पण त्याचं आयुष्य तपासताना एक कच्चा दुवा सापडला. प्रौढ लॅम्प्री वीण करायला उपनद्यांमध्ये शिरते आणि अंडी घालून मरते. पिल्लं आंधळी असतात. ती नदीच्या गाळात पुरून घेतात आणि पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खात तिथेच तीन ते सात वर्षं काढतात. त्यानंतर त्यांचं रूप बदलतं आणि ती सरोवरात उतरून रक्त प्यायला लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी लॅम्प्रीच्या अनेक पिढ्या एकाच ठिकाणी गाळात बसलेल्या असतात. सरोवरांना मिळणाऱ्या उपनद्या हजारोंनी आहेत, पण लॅम्प्रीची पिल्लं सापडतात त्या काहीशेच.

घाव कुठे घालायचा ते कळलं, पण घाव घालायचा कशाने? मिशिगनमधल्या हॅमंड बे इथल्या केंद्रात १९५०च्या दशकात जवळजवळ सहा हजार रसायनं एकामागून एक तपासली गेली. लॅम्प्रीची पिल्लं मरतील आणि त्याच पाण्यातले इतर मासे जगतील, असं काहीतरी हवं होतं. या कंटाळवाण्या कामाबद्दल मला फार आदर आहे. त्यात कुठलाही चमकदार सिद्धांत नव्हता, होती ती फक्त वर्षानुवर्षांची चिकाटी. शेवटी टीएफएम हे रसायन हाती लागलं आणि १९५८ मध्ये पहिल्यांदा एका ओढ्यात वापरलं गेलं.

ते निवडक का ठरतं, हे पुढे समजलं. टीएफएम पेशींमधल्या ऊर्जानिर्मितीत बिघाड करतं. बहुतेक मासे यकृतात त्याला एक साखरेचा रेणू जोडून ते निकामी करतात आणि शरीराबाहेर टाकतात. लॅम्प्रीला हे नीट जमत नाही. अर्थात हा फरक निसरडा आहे. पाण्याची आम्लता बदलली की मात्रा बदलते. स्टर्जन माशाची लहान पिल्लंही या रसायनाला संवेदनशील असतात. म्हणून आधी पाणी तपासायचं आणि मग तासातासाला मोजत मात्रा सोडायची, असं काम चालतं. बहुतेक भागांत लॅम्प्रीची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी खाली आणली गेली आहे.

तरीही संशोधन थांबलेलं नाही. एकाच रसायनावर विसंबून राहण्याची भीती सगळ्यांना आहे. म्हणून वासाचा अभ्यास चालू आहे. वीण करायला आलेली लॅम्प्री नदी निवडते ती पिल्लांच्या वासावरून. जिथे पिल्लं जगली आहेत ती नदी चांगली असणार, हा तिचा हिशेब. वयात आलेला नरही मादीला बोलावणारं एक रसायन सोडतो. ते प्रयोगशाळेत बनवून सापळ्यांमध्ये वापरून पाहिलं गेलं आहे. उलट, मेलेल्या लॅम्प्रीच्या वासाने जिवंत लॅम्प्री दूर पळते. एका वासाने ओढायचं आणि दुसऱ्याने हुसकायचं, अशी जोडगोळी करता येईल का, हे पाहिलं जातंय.

याच सरोवरांभोवती एक खरा पेचही आहे. जुने बंधारे लॅम्प्रीला नदीत वर चढू देत नाहीत. पण ते स्थानिक माशांनाही अडवतात. बंधारा पाडावा तर लॅम्प्रीला नवं पाळणाघर मिळतं, ठेवावा तर स्टर्जनची वाट बंद होते. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत फिशपास नावाचा प्रकल्प आहे, तो याच प्रश्नासाठी. माशाचा आकार, पोहण्याची ताकद आणि वागणूक पाहून हवा तो मासा वर सोडायचा आणि नको तो खालीच थांबवायचा.

एकीकडे वाचवायचा, दुसरीकडे काढायचा

लॅम्प्रीपासून ज्याला वाचवायचं, तो लेक ट्राउट पश्चिमेकडच्या यलोस्टोन सरोवरात स्वतःच आक्रमक आहे. १९९४ मध्ये तो तिथे सापडला. तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट वीण करायला उथळ ओढ्यांत चढतो. अस्वलं, गरुड, पाणमांजरं त्याच्यावर जगतात. लेक ट्राउट मात्र खोल पाण्यात राहतो आणि तिथेच वीण करतो, त्यामुळे तो या प्राण्यांच्या हाती लागत नाही. क्लिअर क्रीक या एका ओढ्यात १९७८ मध्ये ७० हजारांवर कटथ्रोट चढले होते. २००७ मध्ये मोजले तर ५३८. एका माशाच्या जागी दुसरा मासा आला, एवढ्यापुरतं हे राहिलं नाही. ओढ्याच्या काठावरचं सगळं जेवणच गायब झालं.

तिथे जाळी लावून मासे काढण्याचं काम प्रचंड प्रमाणावर चाललं, आणि त्याचा उपयोगही झाला. मग लिटल मूसमध्ये जे फसलं ते इथे का चाललं? मुख्य कारण प्रमाण. लेक ट्राउट सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो, त्यामुळे त्याला नुकसान पटकन भरून काढता येत नाही. आणि मोहीम एवढी मोठी केली गेली, की वर्षाला जन्मणाऱ्यांपेक्षा मरणारे जास्त व्हावेत. आधी गणित मांडायचं, दर वर्षी किमान किती टक्के मासे काढायला हवेत ते ठरवायचं, आणि तेवढं झेपणार असेल तरच सुरुवात करायची, हे या कामातून शिकायला मिळालं. अर्धवट पकड ही पकड नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकते.

पण जाळ्यांचा खर्च दर वर्षी येतोच. म्हणून संशोधक अंड्यांकडे वळले. लेक ट्राउट तळाच्या दगडगोट्यांमध्ये, ठरावीक जागांवरच अंडी घालतो. काही माशांना ध्वनिलहरी सोडणारे छोटे ट्रान्समीटर बसवून परत सोडलं आणि त्यांच्या मागोमाग जाऊन या जागा शोधल्या. मग पकडलेल्या ट्राउटचेच मृतदेह तिथे टाकून पाहिले. ते कुजताना आजूबाजूचा प्राणवायू संपतो आणि अंडी गुदमरतात. पुढे हेच काम वनस्पतिजन्य गोळ्या टाकून करता येतं असं दिसलं. बाहेरचं विष नको, आणि कटथ्रोटची अंडी तर दूर ओढ्यात सुरक्षित. आयुष्यातला फरक नेमका हेरणं म्हणजे काय, याचं इतकं नेटकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

उड्या मारणारी कार्प

ऑस्ट्रेलियात मरी-डार्लिंग खोऱ्यात कॉमन कार्पने असाच धुमाकूळ घातला आहे. ती तळाचा गाळ तोंडाने उपसते, पाणी गढूळ करते, पाणवनस्पती उखडते. काही भागांत नदीतल्या माशांच्या एकूण वजनापैकी ८० टक्क्यांहून अधिक वजन एकट्या कार्पचं असतं.

इथली एक युक्ती प्रयोगशाळेत जन्मलेली नाही. टोरम्बरी बंधाऱ्यावर काम करणारे अ‍ॅलन विल्यम्स यांच्या लक्षात आलं, की कोंडलेली कार्प पाण्याबाहेर उडी मारते, तर स्थानिक मासे उडी न मारता खालून वाट काढायला धडपडतात. बंधारा ओलांडून वर जाता यावं म्हणून माशांसाठी पायऱ्यांसारखी वाट केलेली असते; त्या माशांच्या जिन्यात बसेल असा पिंजरा त्यांनी बनवला. उडी मारणारी कार्प शेजारच्या खणात पडते आणि अडकते, बाकीच्यांना खालून पुढे जाऊ दिलं जातं. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची रीतसर चाचणी घेतली आणि तो अनेक ठिकाणी बसवला गेला. बंधाऱ्यावर रोज पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाचं निरीक्षण संशोधनाला किती पुढे नेऊ शकतं, हे यातून दिसतं.

टास्मानियात १९९५ मध्ये क्रेसेंट आणि सोरेल या जोडसरोवरांत कार्प आढळली. तिथे निर्णय झाला तो निर्मूलनाचा. आधी बाहेर जाण्याच्या वाटा बंद केल्या. मग काही नर कार्पना रेडिओ ट्रान्समीटर बसवून परत सोडलं. कार्प कळपाने राहते, त्यामुळे हे फितूर मासे पथकाला थेट कळपापर्यंत नेत. वीण होते त्या दलदलीच्या काठांवर जाळ्यांचे अडसर घातले. क्रेसेंटमधून सुमारे ७,८०० कार्प काढाव्या लागल्या, आणि शेवटची सापडली २००७च्या अखेरीस. सोरेलमध्ये हा आकडा ४० हजारांच्या पुढे गेला आणि काम आणखी बरीच वर्षं चाललं. पहिल्या काही हजारांपेक्षा शेवटच्या पन्नास माशांना जास्त वेळ आणि पैसा लागतो. निधी देणाऱ्यांचा धीर सुटतो तोही नेमका याच टप्प्यावर.

विष: कधी आणि कुठे

काही वनस्पतींच्या मुळांत रोटेनोन नावाचं द्रव्य असतं. दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात लोक फार पूर्वीपासून ते मासेमारीसाठी वापरत आले आहेत. ते पेशींना प्राणवायू वापरू देत नाही, आणि कल्ल्यांमधून चटकन शरीरात शिरतं. अडचण अशी, की ते मासा पाहून निवड करत नाही. परका आणि आपला दोघेही मरतात. म्हणून ते तिथेच वापरायचं, जिथे पाण्याचा तुकडा वेगळा काढता येतो आणि स्थानिक मासे आधी बाजूला ठेवता येतात किंवा वरच्या अंगाने परत येऊ शकतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या रोंडेगाट नदीत हे छान जमलं. एका बंधाऱ्याच्या वरचा सुमारे ४ किलोमीटरचा पट्टा स्मॉलमाउथ बासने व्यापला होता. त्याच्याही वर, एका धबधब्यामुळे बास जिथे पोचला नव्हता, तिथे स्थानिक मासे शिल्लक होते. २०१२ आणि २०१३ मध्ये दोनदा रोटेनोन वापरलं, पट्ट्याच्या खालच्या टोकाला ते निष्प्रभ करणारं रसायन सोडलं. बास संपला आणि वरून स्थानिक मासे आपोआप खाली उतरले. आधी, दरम्यान आणि नंतर मोजणी केली गेली, कीटकांचीही. म्हणूनच हा प्रयोग विश्वासार्ह वाटतो.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस सरोवराची गोष्ट उलट आहे. तिथे १९९४ मध्ये नॉर्दर्न पाइक सापडला. खालच्या नद्यांतल्या सॅमनपर्यंत तो पोचेल या भीतीने १९९७ मध्ये राज्याने रोटेनोन वापरलं. पण जवळच्या पोर्टोला गावाला पिण्याचं पाणी याच सरोवरातून मिळत होतं. लोकांनी कडाडून विरोध केला. औषधातले काही घटक अपेक्षेपेक्षा जास्त काळ पाण्यात राहिले आणि राज्याला लाखो डॉलरची भरपाई द्यावी लागली. एवढं होऊन १९९९ मध्ये पाइक पुन्हा दिसला. मधल्या काळात जाळी, वीज, स्फोटकं असं सगळं करून पाहिलं गेलं. २००७ मध्ये दुसऱ्यांदा रोटेनोन वापरण्याआधी मात्र लोकांशी बोलण्यात, पाण्याची पर्यायी सोय करण्यात वर्षं घालवली गेली, आणि ते काम पार पडलं. ज्यांच्या नळाला ते पाणी येतं त्यांना विचारणं हा संशोधनाचाच भाग आहे, शेवटी उरकायची औपचारिकता नव्हे.

दार बंद ठेवण्याचं शास्त्र

चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प आणि तिची भावंडं अमेरिकेच्या दक्षिणेत १९७०च्या दशकात तलावांसाठी आणली गेली, तिथून निसटली आणि मिसिसिपीतून वर चढत गेली. शिकागोचा कालवा १९०० साली सुरू झाला आणि मिसिसिपीचं खोरं मिशिगन सरोवराला जोडलं गेलं. त्या कालव्यात २००२ पासून पाण्यात विजेचा पडदा उभा आहे. मोठ्या माशाला झटका जास्त बसतो, लहानाला कमी. आणि मालवाहू बोटींच्या मधल्या खोबणीत सापडलेले छोटे मासे बोटींबरोबर पडद्यातून ओढले जाऊ शकतात, हे चाचण्यांत दिसलं. म्हणून आता विजेच्या जोडीला आवाज, बुडबुडे आणि पाण्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साइड यांचा अभ्यास चालू आहे. कार्पच्या शरीरात वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, त्यामुळे तिला स्टर्जनसारख्या माशांपेक्षा खूप वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात. त्या पट्टीत गोंगाट केला तर ती बिचकते. पण तशीच हाडं स्थानिक कॅटफिशलाही असतात, हे विसरून चालत नाही.

मासा आला आहे हे कळण्यासाठी आता तो दिसावा लागत नाही. चिकट स्राव, खवले, विष्ठा यांतून त्याचा डीएनए पाण्यात मिसळतो आणि बाटलीभर पाण्यातून ओळखता येतो. शिकागोजवळ विजेच्या पडद्यापलीकडे असा डीएनए सापडला तेव्हा खळबळ माजली. मात्र तो डीएनए पक्ष्याच्या विष्ठेतून, बोटीच्या बुडाला चिकटून किंवा सांडपाण्यातूनही आलेला असू शकतो. म्हणून आज निम्मं संशोधन त्या खुणेचा अर्थ लावण्यावर आहे. डीएनए थंड पाण्यात किती दिवस टिकतो, प्रवाहाबरोबर किती दूर जातो, किती वेळा सापडला तर कारवाई करावी, असे प्रश्न त्यात येतात.

पुढची पिढीच येऊ नये म्हणून

जनुकांच्या मार्गाने जाणाऱ्या उपायांपैकी एक प्रत्यक्ष नद्यांत उतरला आहे, आणि त्यात जनुकं कापणं-जोडणं अजिबात नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ब्रूक ट्राउट परका आहे. या माशात माणसासारखंच असतं: मादी एक्सएक्स, नर एक्सवाय. पिल्लं अगदी लहान असताना त्यांच्या खाद्यात स्त्री-संप्रेरक मिसळलं, तर एक्सवाय पिल्लंही मादी म्हणून वाढतात आणि अंडी देतात. अशा मादीचा साध्या नराशी संयोग केला, की सरासरी चारातलं एक पिल्लू वायवाय निघतं. हा वायवाय नर दिसायला, वागायला साधाच असतो. पण त्याच्याकडे द्यायला फक्त वाय असतो. त्याला ओढ्यात सोडलं आणि त्याने तिथल्या मादीशी वीण केली, की सगळी पिल्लं एक्सवाय, म्हणजे सगळे नर. दर वर्षी असे नर सोडत राहिलं आणि जोडीला जंगली मासे काढत राहिलं, तर हळूहळू मादीच उरत नाही. सोडणं थांबवलं की परिणामही थांबतो, ही त्यातली सगळ्यात मोठी सुरक्षितता.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेने कार्पसाठी वेगळी वाट धरली होती. स्त्री-संप्रेरक तयार करणारं जनुक दाबून सगळी संतती नर करायची. ते काम प्रयोगशाळेच्या पुढे गेलं नाही. नंतर लक्ष गेलं कार्पच्या हर्पीस विषाणूकडे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पाळीव कार्पमध्ये या विषाणूने मोठी मर घडवली होती. तो इतर माशांना बाधत नाही असं प्रयोगांत दिसलं, आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाने दीड कोटी डॉलर खर्चून त्याचा सखोल अभ्यास हाती घेतला. तेव्हा खरे प्रश्न समोर आले. देशात कार्प सुमारे दोन लाख टन असल्याचा अंदाज निघाला. ती एकदम मेली तर नद्या कुजतील, प्राणवायू संपेल, ज्यांना वाचवायचं तेच मासे गुदमरतील. शिवाय विषाणू ठरावीक तापमानातच काम करतो आणि वाचलेल्या कार्पमध्ये प्रतिकारशक्ती येते. २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. विषाणू आजवर सोडलेला नाही. काहींना यात दिरंगाई दिसते. मला मात्र हे संशोधनाने आपलं काम चोख केल्याचं लक्षण वाटतं.

जीन ड्राइव्ह ही त्याहून पुढची कल्पना आहे. एखादं जनुक निम्म्याऐवजी जवळपास सगळ्या संततीत जाईल अशी रचना करायची, म्हणजे थोडे मासे सोडूनही ते पूर्ण जातीत पसरेल. इथे अडचण भूगोलाची आहे. जंगली कॉमन कार्प तिच्या मूळ प्रदेशात, डॅन्यूबच्या परिसरात, संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रजातींमध्ये गणली जाते. अमेरिकेत जिच्यावर विष टाकतात ती लॅम्प्री युरोपातल्या अनेक नद्यांत जपली जाते. एका खंडात सोडलेला मासा कुणाच्या तरी बादलीतून दुसऱ्या खंडात पोचतो, आणि आजचे कितीतरी आक्रमक मासे माणसाच्याच हातून पोचलेले आहेत. परत बोलावता न येणारं हत्यार सोडायचं, तर होकार कुणाकुणाचा लागेल, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

तोवर बहुतेक मोठ्या पाण्यांत उपाय एकच: दाबून धरणं, न थकता. ते खरंच काम करतं का, याचा पुरावा पंचमहासरोवरांनी न ठरवता दिला. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे टीएफएमची पथकं अनेक ओढ्यांपर्यंत जाऊ शकली नाहीत. पुढच्या वर्षांत लॅम्प्रीची संख्या वर गेली. पथकं पूर्ण ताकदीने परतल्यावर ती पुन्हा खाली यायला लागली.